कोरडा कूलर

पिंपळगाव राजा,
दि. २० एप्रिल

चि. हरिओम,

ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडं खुशाल आहो. तू तिकडं खुशाल आहे असं तूच फोनवर सांगतो, म्हणून तेही मानून घेतलं.

दर रविवारी तुहा फोन येते, पण तो आईच्या हातून सुटत नाही. "जेवला का, झोप होते का" करता करता तुही पाळी संपते अन् तुह्या मागचा पोट्टा फोन मांगते. माह्या वाट्याले "ताई, ठेवतो" एवढंच येते. म्हणून म्हटलं कागद घ्यावा. फौजेच्या ट्रेनिंगमधे तुमचे मोबाइल जमा करून ठेवतात तं ठेवू दे, टपालवाल्याले तं कोणी जमा केलं नाही.

आता कामाचं. तुहा कम्प्युटर मले दगा देऊन राह्यला. लग्नाचं शूटिंग कापलं, गाणी टाकली, नावं चढवली, सगळं मिक्सिंग झालं अन् शेवटी फाइल काढाले लावली, का अर्ध्यात फटकन बंद. ना आवाज, ना सूचना. काळा पडदा अन् त्याच्यात माहंच तोंड. परत चालू केला का परत तेच. कोपऱ्यात तू तापमानाचा जो आकडा लावून देला, तो नव्वदच्या वर जाऊन बसते. बाहेरचा पारा चव्वेचाळीस, याचा नव्वद, अन् दोघायच्या मधे मी घामानं निथळून राह्यली. त्यात लग्नसराई. लोकं फोन करून करून विचारतात, "छायाताई, क्यासेट झाली का?" अजूनही क्यासेटच म्हणतात.

भरतीले जायच्या आधी तू हा स्वस्तातला प्रोसेसर आणला अन् कंपनीनं देला त्याच्यापेक्षा जास्त स्पीडनं पळवून दाखोला, तव्हा मीच गावभर सांगत फिरली होती का माह्या भावानं गाढवाचा घोडा केला. तू मले सांगतलं होतं, "ताई, स्पीड एकदम नाही वाढवाचा. एक पायरी वर, मंग दिवसभर टेस्ट लावून ठेवाची, तापमान पाह्यचं, जमलं तं पुढची पायरी. अन् पहिले थंड ठेवाची सोय, मंग स्पीड." मले ते अजून पाठ आहे. पण बाप्पा, हे सगळं तू हिवाळ्यात केलं! हिवाळ्यात तं कोणीही पळते.

तं आता काय करू ते लिही. स्पीड कमी करू का? पंखा बदलू का? तो सेटिंगचा निळा पडदा उघडून कुठं काय दाबाचं? माहा हात लावाचा धीर होत नाही. बाबा वांगे घेऊन खामगावच्या बाजारात जातात, आले का दारातूनच विचारतात, "हरीचं घोडं चाललं का आज?" मी नाही म्हणून मुंडी हलवते.

परवा अमडापूरची सुचिता आली होती. तुह्यासंग भरती झालेल्या रवीची बहीण. तिच्याच लग्नाचं मिक्सिंग माह्याकडं आहे. आईनं तिच्यासाठी पन्हं केलं. गाणी निवडता निवडता सुचिता भलतंच काही बोलली. ते इथं लिहीत नाही. आईले त्यातलं काही माहीत नाही अन् मी होऊ देणार नाही. तुम्ही धावता कव्हा रे? सकाळी का उन्हात? सहज विचारलं.

आंबे यंदा कमी आहेत. लोणच्यापुरते निघतीन. आई तुह्यासाठी एक बरणी वेगळी भरणार आहे. पत्र लवकर टाक.

तुही ताई,
छाया

ता. क. पाकीट बंद केलं होतं, परत उघडलं. सुचिता म्हणे, रवीनं तिले सांगतलं का हरिओम धावता धावता ग्राउंडवर पडला. अंग तव्यासारखं तपलं होतं, काहीबाही बरळत होता, पोट्ट्यायनं बादल्या ओतून शुद्धीवर आणला. अन् शुद्धीवर आल्यावर तूच सगळ्यायले शपथ घातली, का साहेबाले अन् डॉक्टरले कोणी सांगाचं नाही. खरं आहे का? एक ओळ लिही. कम्प्युटरचं नंतर लिहिलं तरी चालते.


पिंपळगाव राजा,
दि. ९ मे

चि. हरिओम,

आशीर्वाद. पत्र पोचलं. जाडजूड पाकीट पाहून मले आधी बरं वाटलं. उघडलं तं पानामागं पान कम्प्युटर! पंख्याचं चित्र काढलं, कोणता स्क्रू आधी ढिला कराचा ते लिहिलं, प्रोसेसर थंड ठेवाची पेस्ट तुरीच्या दाण्याएवढीच लावाची असं दोनदा लिहिलं. अन् तुह्या स्वतःबद्दल काय? "पडलो नव्हतो ताई, जरा बसलो होतो. रवीले तिखटमीठ लावाची सवय आहे." बस!

बसला होता म्हणे. बसलेल्या माणसाच्या अंगावर बादल्या ओततात का बे?

वरून लिहितो, जूनच्या शेवटी मोठी दौड आहे, पहिला आलो का सगळ्यायसमोर नाव पुकारतात, म्हणून आता डॉक्टरच्या भानगडीत पडलं तं दौडीतून नाव काढतीन. वा रे पठ्ठे. म्हणजे डॉक्टरले भेतो, उन्हाले भेत नाही. मी हे वाचलं अन् कागद चुरगळून फेकणार होती. पण त्याच कागदाच्या मागं पंख्याचं चित्र होतं, म्हणून परत सरळ केला.

तू लिहिल्याप्रमाणं अजहरले बोलावलं. तुहा दोस्त गुणाचा आहे बरं, खामगावचं दुकान भावाच्या भरवशावर टाकून फटफटीवर आला. झाकण काढलं तं पंख्यात धुळीची गादीच. जुनी पेस्ट वाळून पापडी झालेली. ते सगळं साफ केलं, नवी पेस्ट लावली, स्पीड एक पायरी खाली आणला, व्होल्टेज जराक कमी केलं. झाकण उन्हाळाभर उघडंच ठेवा म्हणे, कम्प्युटर भिंतीपासून दूर ओढा म्हणे. तरी आकडा नव्वदच्या आसपासच घुटमळत होता. अजहर म्हणे, "दीदी, हवाच गरम आहे, तं पंखा बिचारा काय करीन? गरम हवा गरम हवेवर फेकते."

मंग त्यानं निळ्या पडद्यावर मले एक गोष्ट दाखोली. तापमान हाताबाहेर गेलं का कम्प्युटर पीं पीं करून ओरडते, अशी सोय त्याच्यात असते. ती बंद होती. मी म्हटलं, हे कोणं बंद केलं? अजहर हसला. "हरिओमनंच केलं असन. टेस्ट लावली का हे सारखं ओरडते, दिमाग खाते."

तो हसला, पण मले हसू आलं नाही. म्हणजे इतके दिवस ते बिचारं आतल्या आत तपत होतं अन् त्याले ओरडाची मनाई होती. मी अजहरले म्हटलं, आधी ते चालू कर. त्यानं चालू केलं.

आता तू म्हणशीन, ताई मले कम्प्युटरशी जोडून राह्यली. नाही रे. कम्प्युटर मेला तं दुसरा येईन. मले भेव वाटते हरी, साधं सरळ भेव वाटते. शाळेत असतानी ताप अंगात घेऊन तू कबड्डी खेळाचा, आईनं हात लावला का मंग कळाचं. तिथं तुह्या कपाळाले हात लावणारं कोणी नाही. म्हणून तुलेच ओरडा लागन.

बरं, एक चांगली बातमी. आईचं नवलच आहे. अजहर येऊन गेल्यावर मी भाजी आणाले गेली होती, आली तं काय पाह्यते, आईनं तिच्या खोलीतला मोठा लोखंडी कूलर एकटीनं ओढत ओढत पुढच्या खोलीत आणला अन् सरळ कम्प्युटरच्या उघड्या बाजूसमोर लावला! फुल स्पीड. कम्प्युटरवरचं फडकं फडफड करून राह्यलं. मी ओरडणारच होती, पण आकड्याकडं नजर गेली. पंच्याहत्तर! सुचिताच्या लग्नाची अर्धी फाइल एका दमात निघाली. तुमच्या पेस्ट-बिस्टपेक्षा आपला कूलर भारी निघाला का नाही?

आधी आई कम्प्युटरले डबडं म्हणे, आता त्याच्याजवळून हलत नाही. बोअरचं पाणी बादलीनं स्वतः आणून कूलरमधे टाकते, मले टाकू देत नाही. मी कम्प्युटर बंद केला तरी कूलर बंद करू देत नाही. तिच्या खोलीत आता साधा पंखा, तोही गरम हवा फेकणारा. मी म्हटलं, आई, तू तिथं उकडून मरशीन. म्हणे, "मले सवय हाय. याले तपू द्याचं नाही." तुही आठवण येत असन तिले, दुसरं काय.

दौडीचं काय ते खरं लिहिजो. तुमच्या ट्रेनिंग घेणाऱ्या उस्तादले जाऊन सांगजो. फक्त सांग, बाकी ते पाहतीन.

तुही ताई,
छाया


पिंपळगाव राजा,
दि. २४ मे

हरी,

आशीर्वाद आज शेवटी लिहिते.

तुहं पत्र आलं. पहिलीच ओळ, खाली दोन रेघा मारून: "ताई, कूलर आधी हटव! त्याच्या हवेत पाण्याचे बारीक थेंब असतात, बोअरचं पाणी खारं आहे, बोर्डवर मीठ जमते." शहाण्या, टपालानं इशारे देले का असंच होते. पत्र पोचलं त्याच्या आदल्या दिवशीच कम्प्युटर मेला. मी बटन दाबलं, पंखा एकदा हलला अन् थांबला. अलार्मही वाजला नाही, कारण तो तपलाच नव्हता. थंडगार होता बिचारा.

अजहरनं येऊन आत टॉर्च मारला. लोणारच्या खाऱ्या तळ्याच्या काठावर असते तशी पांढरी खार सगळ्या बोर्डावर, पंख्याच्या पात्यांवर, सगळीकडं. सुचिताच्या लग्नाची उरलेली फाइल, बाकीच्यायची कामं, सगळं त्याच्यात. अन् मी आईवर भडकली. जे तोंडाले आलं ते बोलली. "तुले कोणं सांगतलं होतं शहाणपणा कराले? समजत नाही तं हात कायले लावते?" अजहरसमोर बोलली, तो बिचारा खाली मान घालून बसला.

आई खाली बसली अन् पदराच्या टोकानं ती पांढरी खार पुसाले लागली. अजहर म्हणे, "काकी, राहू द्या, मी करतो." तरी पुसतच होती. मंग माह्याकडं न पाहता बोलली. जसं बोलली तसं लिहून राह्यली:

"सुचिता आली तव्हा मी पन्हं घेऊन दाराआडच उभी होती. मी सगळं ऐकलं. तिथं माह्या लेकराचं अंग तव्यासारखं तपलं, अन् मी इथं कूलरपुढं निजू? त्याच्यापाशी जाता येत नाही, त्याले हवा घालता येत नाही. हे त्याचंच हाय ना. म्हटलं, हे तरी तपू नये."

हरी, आतापर्यंत मी तिच्यापासून लपवत होती, ती माह्यापासून. दोघी एकाच घरात, एकमेकीले जपत. मी तिच्याजवळ बसली अन् लहान पोरीसारखी रडली. अजहर उठून बाहेर गेला, बाबाशी वांग्याच्या भावाचं बोलत बसला. समजदार आहे तो.

कम्प्युटर वाचला, ते आधी सांगते, नाहीतं तू त्याचीच काळजी करत बसशीन. अजहरनं ब्रश अन् स्पिरिटनं सगळा बोर्ड धुतला, दिवसभर वाळत ठेवला, त्याच्यातला गोल सेल काढून परत बसवला. सेल काढला का तुह्या सगळ्या करामती पुसल्या जातात म्हणे. आता तो कंपनीनं देलेल्या स्पीडवर चालते. आकडा कमी राह्यते. फाइल निघाले उशीर लागते, पण निघते, अर्ध्यात मरत नाही. सुचिताले म्हटलं, तुही क्यासेट उशिरा भेटन. ती म्हणे, "लग्न तं होऊन गेलं ताई, घाई कायची?"

आता रविवारचं.

तू फोनवर नेहमीसारखा हसत होता. तुले वाटलं, कम्प्युटरचं विचारलं का गाडी रुळावर येईन. "आई, टेम्परेचर किती आहे आता?" फोन स्पीकरवर होता, मी ऐकत होती. आई म्हणे, "ते राहू दे. तुहं किती होतं, ते सांग."

तुह्या मागचा पोट्टा "जल्दी कर भाई" म्हणे, तेही आम्हाले ऐकू आलं. मंग तू म्हटलं, "माहीत नाही आई. मोजलंच नाही. मोजलं असतं तं वर साहेबाले कळलं असतं." अन् आवाज बारीक करून म्हटलं, "अजूनही उन्हात उभं राह्यलं का डोळ्यापुढं अंधारी येते." तितक्यात तुही पाळी संपली. फोन कटला, का तू कापला, ते तुले माहीत.

आई रडली नाही. फोन फळीवर ठेवला. मंग अजहरनं अन् मी परत तिच्या खोलीत नेऊन ठेवलेल्या कूलरपाशी ती गेली अन् त्याची खालची बुच्ची काढून राह्यलेलं सगळं पाणी सोडून देलं. मी म्हटलं, "हे काय?" म्हणे, "नेम धरला. माह्या हरीनं डॉक्टरले सांगतलं, असं त्याच्या हातचं पत्र येईन, त्या दिवशी याच्यात पाणी भरीन."

मी समजावलं. बाबानं समजावलं. एकदा तं बाबानं गुपचूप बादली आणून ओतली, तिनं परत बुच्ची काढली. ओला कूलर तिच्या खोलीत नाही म्हणजे नाही. दुपारी त्या खोलीत पाय ठेववत नाही, पत्रे नुसते भट्टीसारखे तपतात, अन् ती तिथंच निजते. ओसरीत निज म्हटलं तं म्हणे, त्याले ओसरी कुठं हाय? काल पोळ्या टाकता टाकता तिले घेरी आली, ओट्याले धरलं म्हणून वाचली. मी साखरमिठाचं पाणी पाजलं. शुद्धीवर येता येता पहिलं काय बोलली माहीत आहे? "हरीले लिहू नको. पोट्टं घाबरीन."

पाह्यलं? अगदी तूच! शुद्धीवर आला का आधी दुसऱ्यायचं तोंड बंद कराचं. खाण तशी माती.

पण मी लिहून राह्यली. या घरात सगळ्यायनं आपापले अलार्म बंद करून ठेवले आहेत, मी माहा चालू केला. तिचा शब्द मोडून सांगते, घाबर. घाबरलाच पाहिजे तू. तुह्या पायानं चालत डॉक्टरकडं जा अन् सगळं सांग, अंधारीचंही सांग. दौडीतून नाव काढलं तं काढू दे. ते म्हणतीन तव्हा पळ, पुढच्या तुकडीसंग पळ, सगळ्यायच्या मागून पळ. तुहं नाव पुकारलं नाही तं इथं कोणी उपाशी राह्यणार नाही. तू पळता पळता परत पडला, तं आई जेवणार नाही, मी जेवणार नाही, बाबा वावरात जाणार नाहीत. एवढं साधं आहे. तू लहान असता तं कान धरून नेला असता. आता कान हाती लागत नाही, म्हणून हात जोडते.

टपालवाला यायच्या वेळेले आई रोज बादली भरून कूलरपाशी आणून ठेवते अन् दारात उभी राह्यते. तो पुढं निघून गेला का तेच पाणी नेऊन मोगऱ्याले टाकते. मोगरा यंदा लय फुलला आहे. आम्हाले तो पाहवत नाही.

आशीर्वाद, माहे अन् दारात उभ्या असलेल्या आईचे. बादली भरून ठेवली आहे.

तुह्या पत्राची वाट पाहून राह्यलेली,
ताई